‘रॅपर्स डिलाइट’: पहिलं खपलेलं, पहिलं नव्हे

हिप-हॉपच्या इतिहासाबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सार तेच राहतं. रॅपचा जन्म १९७९ साली झाला. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या तीन जिवलग मित्रांनी आपल्या हालअपेष्टा शब्दांत मांडल्या, ‘चिक’ या बँडच्या गाण्याचा तुकडा मशीनवर कापून घेतला आणि त्यावर ‘रॅपर्स डिलाइट’ रचलं. रातोरात उद्योग उभा राहिला, पण रॅप खऱ्या अर्थाने खपला तो १९८६ मध्ये एका गोऱ्या रॉक बँडने हात दिल्यावरच. शेवटी आपल्यासाठी खास: जगातला पहिला रॅप तर अशोककुमारांनी १९६८ मध्येच गाऊन ठेवला होता!

सात-आठ ओळींत एवढ्या चुका बसवणं हेही एक कसबच म्हणायचं. एकेक घेऊ.

जन्मापासून सुरुवात करू. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली होती. शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. आमंत्रणं हाताने लिहिलेली, मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह. वय १८, मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा, १९६७ मध्ये ब्रॉंक्सला आलेला. सगळे त्याला डीजे कूल हर्क म्हणत. नाचणाऱ्यांची एक सवय त्याने हेरली होती: गायक आणि बाकीची वाद्यं थांबून नुसते ड्रम उरतात, त्या काही सेकंदांची ही पोरं वाट बघत असतात. तो तुकडा म्हणजे ‘ब्रेक’. हर्कने पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, लावायला सुरुवात केली. इकडचा ब्रेक संपला की तिकडचा सुरू, तोवर इकडची सुई परत मागे. काही सेकंदांचा ऐवज हवा तितका लांबवता येऊ लागला.

माईकवर त्याचा मित्र कोक ला रॉक असायचा. आलेल्या दोस्तांची नावं पुकारायची, दोन-चार यमकं टाकायची, नाचणाऱ्यांना चेव आणायचा, एवढंच त्याचं काम. डीजेला साथ देणारी ही पुकार पुढच्या काही वर्षांत लांबत गेली, तिला कडवी आली, आणि माईकवाला डीजेच्या पुढे येऊन उभा राहिला. एका रात्रीत कला जन्मली, असं १९७३ च्या त्या तारखेबद्दलही म्हणू नये. पण रेकॉर्ड निघण्याआधीची सहा वर्षं फॉरवर्डमधून सरळ गायब आहेत, आणि खरी करामत त्या सहा वर्षांतच झालेली आहे.

त्या काळात स्पर्धा किती जीवघेणी होती ते एका गोष्टीवरून कळेल. आपण कुठली रेकॉर्ड लावतो हे दुसऱ्या डीजेला दिसू नये म्हणून हर्क रेकॉर्डी पाण्यात भिजवून त्यांची लेबलं काढून टाकायचा. ग्रँडमास्टर फ्लॅश, म्हणजे जोसेफ सॅडलर, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. ब्रेक नेमका कुठे सुरू होतो त्याची खूण तो रेकॉर्डवर क्रेयॉनने करायचा, आणि पुढची रेकॉर्ड गर्दीला ऐकू जाण्याआधी आपल्याला हेडफोनवर ऐकू यावी म्हणून त्याने स्वतःच एक स्विच जोडून घेतला होता. या पार्ट्यांच्या कॅसेटी हातोहात फिरायच्या, एकाची दुसऱ्याने कॉपी करायची, मोठाल्या टेपरेकॉर्डरवर रस्त्यात वाजायच्या. पार्टीला तिकीट होतं, भिंतींवर पत्रकं लागत होती. म्हणजे धंदाही होता. फक्त तो रेकॉर्डच्या दुकानात पोचलेला नव्हता. यातल्या अनेकांना पोचवायचाही नव्हता. आपल्याकडे आधीच विचारणा झाली होती आणि आपण नकार दिला, असं फ्लॅशने पुढे सांगितलंय. दुसऱ्याच्या रेकॉर्डवर कुणी बोलतंय, त्याची पुन्हा रेकॉर्ड कोण विकत घेणार, हा त्याचा हिशेब. तो चुकला, पण त्या वेळी चुकीचा वाटावा असा मुळीच नव्हता.

बरं, जन्म नाही तर निदान पहिली रेकॉर्ड तरी? तीही नाही. फॅटबॅक बँडचं ‘किंग टिम द थर्ड’ त्याच वर्षी आधी बाजारात आलं होतं, तेही रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला. ‘रॅपर्स डिलाइट’ सप्टेंबर १९७९ चं. त्याचा मान वेगळा आहे आणि तो कुणी काढून घेत नाही: अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ३६ वा क्रमांक, आर अँड बी म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ४ था, ब्रिटनमध्ये ३ रा. १४ मिनिटांहून लांब रॅपची रेकॉर्ड इतकी खपते, हे त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

आता ‘तीन जिवलग मित्र’. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात मोठा अन्याय याच वाक्यात आहे.

रेकॉर्ड निघण्यापूर्वी शुगरहिल गँग नावाचा गटच अस्तित्वात नव्हता. तो जमवला सिल्व्हिया रॉबिन्सनने. सिल्व्हिया स्वतः गायिका. १९५० च्या दशकात ‘मिकी अँड सिल्व्हिया’ या जोडीतून गाजलेली, नंतर नवऱ्याबरोबर रेकॉर्ड कंपनी चालवणारी. न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या एका क्लबात तिने माईकवरची ही पुकार ऐकली आणि यात पैसा आहे हे ओळखलं. कंपनीला नाव हार्लेममधल्या शुगर हिल भागाचं दिलं, ऑफिस मात्र हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या एंगलवूडमध्ये. ब्रॉंक्समधले नावाजलेले माईकवाले तिच्या हाताशी नव्हते. म्हणून आसपासची पोरं शोधली. हेन्री जॅक्सन, म्हणजे बिग बँक हँक, तिथल्या पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. त्याची परीक्षा झाली ती दुकानासमोर उभ्या गाडीत बसून. वंडर माइक आणि मास्टर जी तिथेच येऊन मिळाले.

हँक रॅपर नव्हता. तो ब्रॉंक्सच्या ग्रँडमास्टर कॅझचा मॅनेजर होता. कॅझ म्हणजे कर्टिस फिशर, तेव्हाच्या वर्तुळात लिहिण्याबद्दल नाव असलेला माणूस. हँकने त्याच्याकडे बोलांची वही मागितली, कॅझने दिली. पुढचं तुम्ही आजही कानाने तपासू शकता. हँकच्या कडव्यात तो स्वतःची ओळख करून देतो आणि एकेक अक्षर सुटं म्हणतो: सी-ए-एस-ए-एन, ओ-व्ही-ए, पुढे एफ-एल-वाय. कॅसानोव्हा फ्लाय. हे हँकचं नाव नव्हेच, कॅझचं जुनं नाव! वहीतून उतरवून घेताना ते बदलण्याचीही तसदी घेतली नाही. सुपरमॅन आणि लोइस लेनचं ते गमतीदार कडवंही कॅझचंच. या गाण्यासाठी आपल्याला ना श्रेय मिळालं ना पैसा, असं कॅझ वर्षानुवर्षं सांगत आलाय. माइक आणि जी यांची कडवी त्यांची स्वतःची होती, तेवढं त्यांच्या पदरात घालावं.

‘चिकच्या गाण्याचा तुकडा मशीनवर कापला’ या दाव्यात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच तो जास्त फसवा आहे. चाल चिकच्या ‘गुड टाइम्स’ची, यात वाद नाही. ते गाणं ऑगस्ट १९७९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पण त्याचा ठेका इथे रेकॉर्डवरून उचललेला नाही, स्टुडिओत माणसांनी वाजवलाय. रेकॉर्डचा तुकडा उचलून पुन्हा वाजवणारं सॅम्पलर नावाचं यंत्र तेव्हा नुकतंच येत होतं आणि अशा छोट्या कंपनीच्या आवाक्याबाहेर होतं. रॅपवाल्यांच्या हाती ते सर्रास पडलं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. बेस गिटार वाजवणारा चिप शिअरिन तेव्हा १७ वर्षांचा. सलग पंधरा मिनिटं तीच चाल एकही चूक न करता वाजवायची, हे आपलं काम होतं आणि त्याचे ७० डॉलर मिळाले, असं त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं. गाणं ऐकताना मधून मधून बोल विसरा आणि नुसता बेस ऐका. तो कुठेही ढळत नाही. त्या पोराची बोटं दुखली असतील.

चिकचा नाइल रॉजर्स याने हे गाणं क्लबात ऐकलं तेव्हा तो भडकला. त्याने आणि बर्नार्ड एडवर्ड्सने कोर्टाची भाषा केल्यावर तडजोड झाली आणि गाण्याचे रचनाकार म्हणून दोघांची नावं लागली. (हे गाणं आपल्याला फार आवडतं, असं रॉजर्सनेच पुढे सांगितलंय.) म्हणजे विचारल्याशिवाय घेतलं हे बरोबर. फक्त चालीच्या मालकांकडे वकील होते, त्यांना न्याय मिळाला. बोलांच्या मालकाकडे नुसती वही होती, आणि तीही त्याने देऊन टाकलेली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला चिकवर झालेला अन्याय दिसला. कॅझ त्याच्या गावीच नाही.

हालअपेष्टांचं म्हणाल तर ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये त्या शोधून सापडत नाहीत. गाणं आहे बढाईचं आणि मौजेचं. माझा रंगीत टीव्ही बघा, त्यावर मी बास्केटबॉल बघतो. मित्राकडे जेवायला गेलो तर काय वाढलं: मॅकरोनी गिळगिळीत, वाटाणे लगदा झालेले आणि चिकन लाकडासारखं. यजमानाला वाईट वाटू नये म्हणून काय काय बहाणे करावे लागतात, त्याचं अख्खं कडवं आहे. रॅप म्हणजे उपेक्षितांचा आक्रोशच असला पाहिजे, हा हट्ट नंतरचा.

तो सूर मोठ्या प्रमाणावर ऐकू आला १९८२ मध्ये, ‘द मेसेज’मधून. त्यातही गंमत आहे. रेकॉर्डवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं, पण मूळ कल्पना शुगर हिलचा वादक एड फ्लेचर याची. गट हे गाणं करायला राजी नव्हता. पार्टीत लोक नाचायला येतात, त्यांना घरचंच रडगाणं कोण ऐकवतं? शेवटी कडवी म्हटली ती फ्लेचरने आणि गटातल्या एकट्या मेली मेलने. फ्लॅशच्या हातची करामत त्यात नाहीच. त्याच्या बोलांतली फुटक्या काचांनी भरलेली गल्ली कंपनीच्या आग्रहाने गाण्यात आली, ब्रॉंक्सच्या पार्ट्यांमधून नव्हे.

एरोस्मिथचा, म्हणजे १९८६ मध्ये ‘हात देणाऱ्या’ त्या गोऱ्या रॉक बँडचा, मुद्दा चटकन संपवता येईल. १९८० मध्येच रॅपर कर्टिस ब्लोच्या ‘द ब्रेक्स’ला मोठ्या खपाचा ‘गोल्ड’ हा मान मिळाला होता, तेही मर्क्युरीसारख्या बड्या कंपनीकडून. न्यूयॉर्कमध्येच क्वीन्समधल्या हॉलिस भागातल्या रन-डीएमसी या रॅप गटाचा पहिला अल्बम १९८४ चा, तोही गोल्ड. दोन्हींत कुणा रॉक बँडचा हात नाही. उलट १९८६ मध्ये पडता काळ होता तो एरोस्मिथचा. ‘वॉक धिस वे’ त्यांनी स्वतः गायलं तेव्हा १० व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, रन-डीएमसीबरोबर ते ४ थ्यावर पोचलं आणि बँडला दुसरा जन्म मिळाला. शिवाय हे गाणं रन-डीएमसीला नवीन नव्हतंच. त्याच्या सुरुवातीचा ड्रमचा तुकडा डीजे वर्षानुवर्षं वाजवत होते आणि गायकाचा आवाज यायच्या आत सुई मागे घेत होते. पुढे गाणं काय आहे, कुणाचं आहे, याची त्या पोरांना फिकीर नव्हती. म्हणजे हर्कचीच युक्ती. गोऱ्यांच्या मदतीचा खरा दाखला हवाच असेल तर तो ब्लाँडी या गोऱ्या बँडच्या ‘रॅप्चर’चा द्या: १९८१ मध्ये मुख्य यादीत पहिला क्रमांक, आणि त्यात फ्लॅशचं नाव घेऊन केलेला उल्लेख.

रातोरात उद्योग उभा राहिला, हे तर कुणाला विचारावं? फ्लॅशला विचारलं तर त्याने १९८३ मध्ये शुगर हिलवर पैशांसाठी खटला भरला. कंपनी दशकाच्या मध्यात बंदच पडली. ग्रॅमीत रॅपसाठी पहिला पुरस्कार ठेवला गेला तो १९८९ मध्ये, ‘रॅपर्स डिलाइट’नंतर जवळजवळ दहा वर्षांनी. तोही टीव्हीवरच्या कार्यक्रमात दाखवायचा नाही असं ठरलं, म्हणून विजेते डीजे जॅझी जेफ आणि द फ्रेश प्रिन्स सोहळ्याला गेलेच नाहीत.

राहिली आपली ‘रेलगाडी’, म्हणजे अशोककुमारांचा तो ‘जगातला पहिला रॅप’. ‘आशीर्वाद’ चित्रपट १९६८ चा, गीत हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचं, संगीत आपल्या वसंत देसाईंचं, आवाज अशोककुमारांचा. स्टेशनांच्या जोड्या धडाधड येतात, तळेगाव-मालेगाव काय, सोलापूर-कोल्हापूर काय, आणि गाडीचा वेग वाढत जातो. झकास गाणं आहे. पण तालात बोलणं जगात सगळीकडे होतं. आपला शाहीर डफावर तेच करत आलाय, म्हणून कुणी पोवाड्याला ब्रॉंक्सचा पूर्वज म्हणत नाही (म्हणजे, म्हणतात, पण तो वेगळा फॉरवर्ड आहे). सेजविक ॲव्हेन्यूवर जे घडलं ते दोन टर्नटेबलं, ब्रेक आणि माईक यांतून घडलं, आणि तिथे कुणी ‘रेलगाडी’ ऐकलेली असल्याचा काडीचा पुरावा नाही. नुसतं तालात बोलणंच मोजायचं असेल, तर पिगमीट मार्कम या अमेरिकन विनोदवीराचं ‘हिअर कम्स द जज’ घ्या. ते तिथल्या मुख्य यादीत १९ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. साल तेच, १९६८.