पेनिक्विक यांनी घर विकून धरण बांधले नाही

समाजमाध्यमांवर फिरणारा एक मजकूर माझ्या भाचीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत जसाच्या तसा म्हटला आणि परीक्षकांनी त्याला बक्षीसही दिले, म्हणून हे लिहावे लागत आहे. मजकूर असा : पुरात काम वाहून गेल्यावर इंग्रज सरकारने हात वर केले, तेव्हा पुण्यात जन्मलेले इंजिनिअर जॉन पेनिक्विक यांनी इंग्लंडमधले घरदार व पत्नीचे दागिने विकून आजच्या केरळमधले मुल्लपेरियार धरण एकट्याने उभे केले, आणि सरकारने त्यांची कदरही केली नाही.

पैशाचा मुद्दा सर्वांत खोटा आहे आणि सर्वांत घातकही. काम सुरू होण्यापूर्वीच, २९ ऑक्टोबर १८८६ रोजी, धरणाच्या जागेसाठी त्रावणकोर संस्थान आणि ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री यांच्यात करार झाला होता : ८,००० एकर जमीन, ९९९ वर्षांचा पट्टा, एकरी वार्षिक पाच रुपये खंड. दरसाल ४०,००० रुपये भरण्याची हमी सरकारने घेतली होती आणि पेनिक्विक त्या करारात पक्षकार नव्हते. ते मद्रास इलाख्याच्या बांधकाम खात्यातले अधिकारी होते. धरण आणि डोंगर फोडून काढलेला सुमारे पावणेदोन किलोमीटरचा बोगदा धरून या योजनेवर ऐंशी लाखांहून अधिक रुपये खर्च झाले. एका लष्करी इंजिनिअरच्या घराची आणि दागिन्यांची किंमत त्यापुढे कितीशी असणार? हा पैसा सरकारी तिजोरीतला होता आणि ती तिजोरी रयतेच्या साऱ्यावर भरत होती. दानशूरपणाची ही कथा त्या रयतेला पुसून टाकते, आणि चुना आणि सुरखी (विटांची पूड) यांच्या त्या भिंतीसाठी राबताना रोगराईने दगावलेल्या शेकडो माणसांनाही.

‘एकट्याने’ हेही खरे नाही. कॅप्टन कॉल्डवेल यांनी १८०८ मध्ये पाहणी करून नदीचे पाणी पूर्वेला वळवण्याची ही कल्पना निकालात काढली होती, मेजर राइव्ह्ज यांनी १८६७ मध्ये ती पुन्हा मांडली आणि पेनिक्विक यांच्याकडे सुधारित आराखड्याचे काम आले ते १८८२ मध्ये.

पुण्यातला जन्म खरा आहे, १८४१ चा. पुरांनी तात्पुरते बांध वाहून नेले, हेही मान्य करावे लागेल. तरीही १८९५ मध्ये काम पुरे झाले आणि पश्चिमेकडे वाहणारे पाणी पूर्वेला तमिळनाडूतल्या वैगई नदीच्या खोऱ्यात वळले, म्हणून तिथले शेतकरी आजही १५ जानेवारीला त्यांच्या नावाने पोंगल करतात.

राहिला कदरीचा प्रश्न. त्यांना १८९५ मध्ये सीएसआय (कम्पॅनियन ऑफ द स्टार ऑफ इंडिया) हा सरकारी किताब मिळाला, पुढच्याच वर्षी ते इंग्लंडमधल्या कूपर्स हिलच्या रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रमुख झाले आणि १८९९ मध्ये ब्रिस्बेन नदीच्या पुरांवर अहवाल देण्यासाठी ऑस्ट्रेलियाला गेले.