परदेशातून : अडीच लाखांचं काम फुकट

भाच्याचा मेसेज आला तेव्हा इथे जर्मनीत ब्राउनश्वाइगला रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिकडे म्हापशात पहाटेचे तीन, हा पोरगा झोपतो कधी कोण जाणे. "मामा, दोन गाड्या उरल्यात, आता तूच सांग." दोन्ही व्होक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआय, दोन्ही सेकंडहँड. एक फोंड्याची, २०१५ ची, कंपनीतून निघाली तशीच, म्हणजे स्टॉक, बासष्ट हजार चाललेली. दुसरी मडगावची, २०१६ ची, आणि हिचं मात्र बरंच काही झालेलं: रीमॅप म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं, टर्बोमागचा डाउनपाईप, हवेचा इनटेक, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्ज, सतरा इंची अलॉय, आणि सायलेन्सर असा की मी व्हिडिओ लावला तर बायको आतल्या खोलीतून ओरडली. किमतीत फरक फक्त चाळीस हजारांचा. मेसेजच्या शेवटी लिहिलेलं, "अडीच लाखांचं काम फुकट मिळतंय मरे."

तो मला मरे म्हणतो, म्हणजे यार, कारण मी त्याच्यापेक्षा नऊच वर्षांनी मोठा आहे, आणि गाड्यांचं वेड त्याला माझ्यामुळे लागलं असं ताई अजूनही येईल त्याला सांगते. त्यामुळे गप्प बसायची सोय नाही.

हा वाद काही आमच्या एका घरातला नाही. गोव्यात गाड्यांच्या नादाला लागलेली जेवढी पोरं मला माहीत आहेत, रविवारी पहाटे चोर्ला घाटात जाऊन चहा पिऊन परत येणारी, त्यांच्यात सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो स्टॉक घे आणि हवं ते हळूहळू स्वतः लाव, म्हणजे काय लावलंय ते तुला ठाऊक असेल. दुसरा म्हणतो वेडा झालास काय, नवीन पार्टला पूर्ण पैसे मोजायचे आणि विकताना त्यातला रुपया परत येत नाही, मग ज्याने आधीच मोजलेत त्याच्याकडून आयतं घे ना. नुसतं गणित म्हणून बघितलं तर दुसरा बरोबर आहे. मॉडिफिकेशनचे पैसे जगात कुठेच परत मिळत नाहीत, इथे जर्मनीतसुद्धा नाहीत.

आमच्या काकांचं तिसरंच. काकांचे खाणीवर दोन टिप्पर होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा ते डिचोलीत दारात उभे केले ते टायरांना गवत लागेपर्यंत उभेच राहिले. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नोझल गेला ते सांगणारा माणूस. त्यांनी फॅमिली ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला: ज्या गाडीचं बॉनेट मालकाने दहा वेळा उघडलंय ती घेऊ नये, आणि जिचं एकदाही उघडलेलं नाही ती तर मुळीच घेऊ नये. यावर ताईने हात जोडल्याची इमोजी टाकली आणि विषय तिथे संपला, म्हणजे माझ्या गळ्यात पडला.

तर मी इथे राहून काय शिकलो ते आधी सांगतो, मग भाच्याने मला कसं गप्प केलं तेही सांगतो.

इथल्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत एक शब्द सारखा दिसतो, उनफरबास्टेल्ट. बास्टेल्न म्हणजे घरी बसून खुडबुड करणं, आणि ज्या गाडीवर कुणी अशी खुडबुड केलेली नाही ती उनफरबास्टेल्ट. हॉट हॅच, म्हणजे छोटी पण दमदार गाडी, विकणारा माणूस हा शब्द मोठ्या अभिमानाने लिहितो आणि त्याचे पैसेही लावतो. पण गंमत अशी की त्याच पानावर खाली दुसरी गाडी असते, स्प्रिंग, चाकं, एक्झॉस्ट सगळं बदललेली, आणि तिथे लिहिलेलं असतं "सगळं आइनगेट्रागन", म्हणजे सगळं नोंदवलेलं. तीही विकली जाते. कारण इथे पार्ट बनवणाराच सोबत कागद देतो, हा पार्ट अमुक मॉडेलला चालतो, या अटींवर. काही पार्टना तेवढा कागद पुरतो, बाकीचे लावले की तपासणीवाल्याकडे जायचं, तो गाडी लिफ्टवर घेतो, स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक कुठे घासतंय का बघतो, आणि मग ते गाडीच्या नोंदणीपत्रात चढतं. दर दोन वर्षांनी गाडी परत तपासणीला न्यायची असते, लोक सरसकट तिला ट्यूफ म्हणतात. कागद नसेल तर गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच जाऊ शकते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१८ ला मी गोल्फ सिक्स जीटीआय घेतली होती, दोनशे दहा पीएसवाली, थोडी खाली बसवलेली, चाकं अठरा इंची. विकणाऱ्याने एक प्लास्टिकची फाइल दिली, त्यात स्प्रिंगचा कागद होता, चाकांचाही होता, शिक्के बिक्के सगळं, मी खूश. पाच महिन्यांनी तपासणीला नेली तर तिथला म्हातारा बराच वेळ टॉर्च मारून खाली बघत होता, मग वर येऊन त्याने ते दोन्ही कागद शेजारी शेजारी टेबलावर ठेवले आणि बोटाने दाखवलं. स्प्रिंगचा कागद कंपनीच्या चाकांबरोबरचा होता आणि चाकांचा कागद कंपनीच्या स्प्रिंगबरोबरचा. दोन्ही एकत्र कुणी तपासलेच नव्हते, नोंदणीपत्रात तर काहीच नव्हतं. नापास. एका महिन्यात परत या. मी त्याला विचारलं, स्प्रिंग खराब आहे का? तो म्हणाला स्प्रिंग उत्तम आहे. आणि विकणारा तोवर फोन उचलायचा बंद झाला होता, हे बाकी गोव्यासारखंच.

आता आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यानुसार कंपनीने ठरवलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही करायचं नाही. सीएनजी किट किंवा अपंगांसाठी केलेले बदल अशा गोष्टींना परवानगीची वाट आहे, पण रीमॅप, डाउनपाईप, स्प्रिंग याला वाटच नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच परत ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आलं. घरची मंडळी म्हणतात बरंच झालं, त्या सायलेन्सरांनी झोप उडवलीय, आणि पर्वरीला राहणारी माझी आत्या म्हणते तेव्हा मला ते पटतंही. पण कायद्यात कान फोडणारा सायलेन्सर आणि चांगल्या कंपनीचे ब्रेक एकाच टोपलीत टाकलेत. सगळंच बेकायदेशीर म्हटलं की चांगलं काम कुणी नोंदवत नाही आणि वाईट काम कुणी पकडत नाही, आणि सेकंडहँड घेणाऱ्याच्या हातात उरतो तो विकणाऱ्याचा शब्द आणि गॅरेजवाल्याने कच्च्या बिलावर लिहिलेला आकडा. भाच्याचे ते अडीच लाख अशाच बिलांचे. त्यातल्या एकावर "रीमॅप स्टेज टू" एवढंच लिहिलंय, कुणाची सॉफ्टवेअर फाइल, कुठल्या पेट्रोलसाठी, काही नाही.

हे मी त्याला लिहून पाठवलं, जरा लांबलचकच, तर त्याने उत्तर दिलं: "मामा तू व्होक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गपासून अर्ध्या तासावर बसून बोलतोस." आणि पुढे त्याने जे लिहिलं त्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणाला, तिथे तुला जीटीआय स्टॉकमध्ये मिळते, आम्हाला काय मिळालं? पोलोची जीटीआय २०१६ ला आली ती तीन दारांची आणि पंचवीस लाखांच्या वर. ऑक्टाव्हिया आरएस २४५ आली २०२० ला, अख्ख्या देशात दोनशे. गोल्फ जीटीआय आली २०२५ ला, पन्नास लाखांच्या वर. वेर्ण्याला फार्मा कंपनीत शिफ्ट करणाऱ्या पोराने वेग कुठून आणायचा? तो रीमॅपमधूनच आणणार. आमच्यासाठी स्टॉक म्हणजे अर्धवट सोडलेली गाडी आहे, असं म्हणाला. खरं सांगायचं तर मी त्याच्या वयाचा असतो तर हेच बोललो असतो.

तरीही मडगावची नको म्हटलं, आणि ते या एका गाडीसाठी म्हटलं. जुन्या जीटी टीएसआयचं इंजिन बाराशे सीसीचं, १०५ पीएस, टॉर्क १७५ न्यूटन मीटर. मागे सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचवाला, त्याची झेपच मुळी २५० न्यूटन मीटरची. रीमॅपने टॉर्क दोनशेच्या वर जातो, मग मध्ये मोकळी जागा किती उरली बघ. आणि ही गाडी फक्त चोर्ल्यात फिरणार नाही, ती रोज म्हापशाहून वेर्ण्याला जाणार, पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामातून, इंच इंच सरकत. ड्राय क्लचला तेल नसतं, तो सरकत्या ट्रॅफिकमध्ये घासून घासून तापतो. आधीच्या मालकाने अशी किती वर्षं काढली आणि वर ट्रॅफिक लाइटला लाँच, म्हणजे उभ्या जागेवरून जोरात झेप, किती मारले, हे कुठल्या बिलावर लिहिलेलं असतं?

दुसरं पेट्रोल. इथे पंपावर ई५ आहे, ई१० आहे, म्हणजे पाच आणि दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, वर अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचं सुपर प्लस आहे, आपल्या गाडीला काय चालतं ते बघून माणूस भरतो. गोव्यात साध्या नोझलमधून ई२० येतं, २०२५ भर लोक त्यावरून भांडत होते आणि जुन्या गाडीवाल्याने निवडायचं म्हटलं तर फारसं काही नाही. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं असतं हे मान्य, पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून इंजिनाला जास्त फवारावं लागतं. स्टॉक सॉफ्टवेअर अशा गोष्टींसाठी थोडा वाव सोडून लिहिलेलं असतं. ट्यूनर तोच वाव खाऊन पॉवर काढतो, त्याचा धंदाच तो. आणि ही फाइल जर कुणी युरोपातल्या अठ्ठ्याण्णवसाठी लिहिलेली उचलून टाकली असेल तर काय होईल ते इंजिनातलं अवेळी जळणं ओळखणारा नॉक सेन्सर आणि नशीब यांच्यावर.

खाली बसवलेल्या गाडीबद्दल तर बोलायलाच नको, गावागावातले गतिरोधक, जूनमध्ये चिखल होऊन चिकटणारी लाल माती आणि वर खारा वारा. या तिन्हींत चेंबर आणि शील्ड जमिनीला जेवढी जवळ तेवढी वाईट.

मग स्टॉक घे असं मी म्हटलं, आणि लगेच मलाच वाटलं की हे फार सोपं उत्तर झालं. कारण आपल्याकडे स्टॉक म्हणजे कित्येकदा विकायच्या आधी परत स्टॉक केलेली. बदललेले पार्ट काढून वेगळे विकायचे, कॉटखाली ठेवलेला मूळ सायलेन्सर परत लावायचा, ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, जुनी फाइल टाकायची, झाली कुमारिका. इथे व्होक्सवॅगन ग्रुपच्या वर्कशॉपला सॉफ्टवेअर बदललेलं सापडलं की सिस्टममध्ये टीडी१ अशी खूण पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीला मुकावं लागतं, त्यामुळे लपवायला निदान धाक असतो. तिकडे दहा वर्षं जुन्या गाडीला वॉरंटीच नाही तर धाक कसला. त्या मानाने मडगाववाला प्रामाणिक म्हणायचा, त्याने निदान काय काय केलंय ते सांगितलं तरी.

म्हणून भाच्याला सांगितलं, फोंड्याच्या गाडीचं डाउनपाईप जिथे टर्बोला जोडतं तिथला क्लॅम्प बघ, दहा वर्षांचा गंज सगळीकडे सारखा हवा, मध्येच चकाकणारा नट दिसला की विचार. सस्पेन्शनच्या स्ट्रटच्या वरच्या नटावर पान्याचे ओरखडे आहेत का बघ. तुझ्याकडचा तो स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लाव आणि रेडिनेस, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघ, सगळे मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील तर कालच कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. सर्व्हिस हिस्टरी चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधून काढ, मालकाच्या फाइलवर जाऊ नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी थंड बघायची. आदल्या रात्रीच सांगून ठेव की सकाळी मी येईपर्यंत सुरू करू नका, कारण थकलेला टर्बो, क्लचचा धक्का, जे काय बोलायचं ते ही गाडी पहिल्या दोन मिनिटांत बोलते, तापल्यावर सगळ्या सारख्याच गोड वागतात. पोचल्या पोचल्या नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेव.

काकांनी यावर अंगठा टाकला. आमच्या काकांचा अंगठा म्हणजे डॉक्टरेट.

शनिवारी तो सकाळी सातला फोंड्याला गेला. मी इथे साडेतीनचा गजर लावून उठून बसलो होतो, बायकोला सांगितलं ऑफिसचं काम आहे. सव्वासातला त्याचा फोन आला, आवाज अगदी खालचा.

"मामा, बॉनेट तापलेलं आहे."

"काय म्हणतो मालक?"

"म्हणतो, आताच पाव आणायला गेलो होतो."

"मग?"

"मग काय, मी दारात उभा असतानाच घरोघरी पाव टाकणारा पोदेर पों पों करत आला आणि त्याच्या गेटवरच्या पिशवीत चार पाव घालून गेला."