साडेचौदा बाय बारा

फ्रान्समध्ये मी राहतो त्या तुलूजहून लूर्द हे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र म्हणजे रेल्वेनं दोनेक तास. यंदा नाशिकहून आलेल्या आईला घेऊन गेलो. गुहेपाशी तिनं भक्तीनं मेणबत्ती लावली, पण ती खरी गप्प झाली गावातल्या एका खोलीत. संत बर्नाडेटच्या घरात.

या खोलीला ‘काशो’ म्हणतात, म्हणजे अंधारकोठडी. पूर्वी तिथं तुरुंग होता. इतका कोंदट, की कैदीही तिथं ठेवणं बंद झालं. गिरणी हातची गेल्यावर, कर्जबाजारी होऊन सुबीरू कुटुंबातली सहा माणसं 1857 मध्ये इथं राहायला आली. 11 फेब्रुवारी 1858 ला घरात सरपण नव्हतं. ते आणायला निघालेल्या चौदा वर्षांच्या, दम्यानं बेजार बर्नाडेटला मसाबिएलच्या गुहेत मेरीमातेचं पहिलं दर्शन झालं. 1933 मध्ये तिला संतपद मिळालं.

भव्य बॅसिलिका उभ्या राहिल्या त्या गुहेजवळ. ही खोली साडेचौदा बाय बारा फुटांचीच राहिली. उघड्या भिंती, दगडी फरशी, कोपऱ्यात चूल. आईनं भिंतीला हात लावला. “अरे, ही तर आपली तिवंध्यावरची खोली. फक्त मोरी नाही.” तिवंधा म्हणजे जुन्या नाशिकातला भाग; तिथल्या मामांच्या वाड्यातली ती खोली.

नाशिकमध्ये दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात आणि तोच वाद पेटतो: पाडा की वारसा म्हणून जपा. इथं बसून ‘जपा’ म्हणणं मला सोपं आहे, हे जाणतो. गळक्या छपराखाली मी झोपत नाही. जीव आधी, यात दुमत नाही. पण आपण घर घालवतो आणि स्मारक बांधतो, हे मला सलतं. दादासाहेब फाळक्यांनी 1913 पासून नाशिकमध्ये सिनेमे काढले. शाळेच्या सहलीत आम्हाला पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक दाखवलं, तिथली बाग दाखवली. ते राहायचे कुठं, हे कुणी दाखवलं नाही.

लूर्दमध्ये सगळं पवित्र आहे असंही नाही. रस्त्यारस्त्यावर मेरीमातेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या विकतात. तरी त्या खोलीला कुणी संगमरवर लावला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

मामांकडे त्या वाड्यासाठी बिल्डरचे कागद आलेत. मी त्यांना म्हटलं, सही करा, पण दर्शनी खोली सागवानी खांबांसकट मजबूत करून ठेवायची, हे कलम करारात घाला. मामा म्हणाले, विचारतो.