भुताला ४८ व्होल्ट

"मामा, इनपुट बघ," एवढंच म्हणाला भाचा. वय वर्षं १३. मोठ्यानं हसला असता तरी चाललं असतं. पण 'मामा, शर्टाचं बटण तुटलंय' असं चारचौघांत हळूच सांगावं, तशा दयाळू आवाजात बोलला तो. परवापासून तो आवाज टोचतोय.

गिटार मी सहा महिने शिकतोय. चार कॉर्ड येतात. पाचवी एफ, ती येते असं मी म्हणतो, गिटार म्हणत नाही. एवढ्या भांडवलावर घरी रेकॉर्डिंगची काय गरज, हे घरात विचारून झालंय, त्यामुळे तुम्ही विचारू नका.

तर ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये पोचवणारं यंत्र) आला, कंडेन्सर माइक आला, हेडफोन आले. केबल आली नाही. माइक जोडायची एक्सएलआर केबल म्हणे वेगळी घ्यायची, स्टँडही वेगळा. खोक्यात मग होतं काय? दोन स्टिकर, आणि माइक पाण्यात बुडवू नये असं सात भाषांत बजावणारी पुस्तिका. स्टिकर कपाळाला लावू का? बाहेर 'नवशिक्यांसाठी' असं ठळक छापायचं आणि नवशिक्याला जे ठाऊक नसतं नेमकं तेच आत ठेवायचं नाही, ही शुद्ध चलाखी आहे. असो. केबल आली, आणि तिच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे काका आले.

"तीन दिवस काही ऐकू आलं नाही. म्हटलं बघून यावं. बरा आहेस ना?"

माझ्या वाजवण्याची चौकशी दुखण्यासारखी करणारे ते पहिलेच. टेबलाशी लॅपटॉपला लागून एक खुर्ची होती, ती त्यांनी ओढली. "तू चालू दे. मी अगदी गप्प बसतो." पुढच्या चारही संध्याकाळी त्यांनी हे वाक्य म्हटलं आणि चारही संध्याकाळी ते त्याच खुर्चीत बसले. खुर्ची लक्षात ठेवा.

"हे ४८ कसले?"

"फँटम पॉवर, काका. ४८ व्होल्ट."

"फँटम म्हणजे भूत ना?"

"हो, पण..."

"भुताला ४८ व्होल्ट?"

मी समजावलं. कंडेन्सर माइकला वीज लागते. ती इंटरफेसकडून माइककडं जाते, आणि ज्या केबलमधून जाते तिच्यातूनच आवाज उलटा येतो. विजेची वेगळी तार दिसत नाही, म्हणून भूत. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जाताना वीज, येताना आवाज, दोघं एकाच बोळातून. धडकत नाहीत?"

हा प्रश्न खरं तर मला पडायला हवा होता. मी गिटार सुरात लावायला घेतली.

दुसऱ्या दिवशीचं दुखणं निराळं. तार आत्ता छेडायची आणि हेडफोनमध्ये आवाज मागून रमतगमत यायचा. कॉम्प्युटर आवाजाचे बारीक तुकडे करतो, ते सॅम्पल; ठरावीक तुकडे साठेपर्यंत थांबतो, तो साठा म्हणजे बफर. बफर होता १०२४ सॅम्पलचा, सेकंदाला सॅम्पल ४४,१००. म्हणजे नुसतं आत जायलाच २३ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज हवेतून ८ मीटर जातो. मांडीवरची गिटार मी ८ मीटर लांबून ऐकत होतो, आणि परतीचा प्रवास धरला तर त्याच्या दुप्पट लांबून. (४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून, तर डिजिटल आवाज सुरुवातीला व्हिडिओ टेपवर साठवायचे. टीव्हीच्या रेघांच्या हिशोबात हा आकडा बसला आणि पुढं सीडीनं तोच उचलला. हे वाचण्यात माझा एक अख्खा रियाज गेला.)

"काय झालं?" काका.

"वाजवतो आत्ता, ऐकू येतं नंतर."

"मग तू जरा आधी वाजव."

"आधी म्हणजे कशाच्या आधी?"

"ऐकू यायच्या!" इतकं साधं मला कळू नये याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

शेवटी इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण सापडलं. ते दाबलं की गिटार कॉम्प्युटरला वळसा घालून थेट कानात. उशीर नाही. आवाज असा भरदार, की एफसुद्धा कॉर्डसारखी लागली. माइक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर, इंटरफेसवर हिरवा दिवा तालात लुकलुकतोय. मी डोळे मिटून वाजवलं. मग रेकॉर्ड झालेलं ऐकलं.

पत्र्याच्या डब्यात कुणीतरी गिटार कोंडली होती. मागं पंखा घरघरत होता, म्हणून पंखा बंद केला. घामानं बोटं घसरायला लागली, घरघर तशीच. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं ("आता किती वाजले कसं कळणार?" काका). खिडक्यांना रजया टांगल्या. तरी घरघर, आणि सुरुवातीला न चुकता एक 'टक्'. आणि काका! अगदी गप्प बसलेल्या काकांचा प्रत्येक खाकरा, प्रत्येक "हं, आता बरंय" एखाद्या निवेदकासारखं खणखणीत. माइक त्यांच्यापासून दोन हात लांब, तोंड माझ्याकडं. मग हा माणूस माझ्यापुढं कसा? मी त्यांना खोलीबाहेर काढायचे सभ्य मार्ग शोधू लागलो. सापडले नाहीत.

चौथ्या संध्याकाळी भाचा आला. एकदाच ऐकलं. मग महागड्या माइककडं ढुंकूनही न बघता त्यानं लॅपटॉपच्या कडेवर नखानं टिचकी मारली. पडद्यावरची पट्टी ताडकन उडून लाल झाली.

"मामा, इनपुट बघ."

इनपुटसमोर लिहिलं होतं 'बिल्ट-इन मायक्रोफोन'. चार संध्याकाळी मी लॅपटॉपच्या टाचणीएवढ्या भोकात रेकॉर्डिंग करत होतो. घरघर त्याच्याच पोटातल्या पंख्याची, 'टक्' मीच दाबलेल्या बटणाचं, आणि त्या भोकाला सगळ्यात जवळचे कोण, तर काका. माझा माइक ४८ व्होल्ट पिऊन शांतपणे उभा होता.

आता सगळं नीट जोडलंय. घरघर गेली. तारेवरून बोट सरकताना होणारी कुईं येते, एफमधल्या मेलेल्या दोन तारा येतात, कॉर्ड बदलताना मी रोखलेला श्वास येतो. डब्यात कोंडलेलं होतं तेव्हा दोष डब्यावर ढकलता यायचा.

काकांना काल दोन्ही ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"पहिलंच ठेव," म्हणाले. "त्यात निदान मी तरी आहे."