पेट्रोलमध्ये पाणी ओतून गाडी नीट होत नाही, तात्यांच्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलवरून सांगतोय

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला काकूंचा फोन आला, तात्या न्हाणीत पेट्रोल घेऊन बसलेत, लवकर ये. कोल्हापुरातल्या गंगावेशीत पोचलो तर खरंच, न्हाणीच्या उंबऱ्यावर दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, वर पेट्रोल खाली पाणी, आणि तात्या ती हलवत बसलेले. तिथनं चार हातांवर आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला. आधी बाटली उचलून लांब मागच्या अंगणात नेली, बंबावर पाणी मारलं, आणि मग विचारलं की हे काय चाललंय. तात्यांनी मोबाईल पुढं केला.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असणार. "जुनी कार्बोरेटरवाली गाडी झटके मारते? मेकॅनिकला एक रुपया देऊ नका." (कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग.) खाली सहा उपाय. पेट्रोलात पाणी मिसळून इथेनॉल, म्हणजे पंपावरच्या पेट्रोलात मिसळलेलं अल्कोहोल, वेगळं काढा आणि वरचं "शुद्ध" पेट्रोल टाकीत ओता. लिटरमागं एक झाकण रॉकेल घाला. एअर फिल्टर काढून टाका. जेट, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल ओढणारी बारीक भोकाची नळी, सुईनं टोकरा. कार्बोरेटरचा स्क्रू पूर्ण आत आवळा म्हणजे पेट्रोल कमी लागतं. आणि स्पार्क प्लग पांढराशुभ्र दिसला की समजा इंजिन एकदम झकास. मी उद्यमनगरात पंधरा वर्षं लेथवर आहे, जुन्या गाड्या हौसेनं करतो, आणि हे वाचून माझं डोकंच फिरलं.

पाण्याचं आधी, कारण यात माणूस जाऊ शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, फरशीवरनं सरपटत विस्तव शोधत जाते. आणि पेट्रोल उणे ४० अंशाच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे कोल्हापुरातली कुठलीही थंडी त्याला थंडी नाही. बाटली हलवली की वाफ आणखी सुटते, झाकण उघडलं की फस्सकन बाहेर येते. बंब, गॅस, गीझर, उदबत्ती, काहीही पुरतं. एवढं सगळं करून खाली राहिलेलं पाणी तात्या मोरीत ओतणार होते, त्यात पेट्रोलचा अंश असतोच, म्हणजे वाफ गटारात.

बरं, एवढा जीव धोक्यात घालून मिळतं काय? मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत दाखवतात की पेट्रोलात थोडं पाणी ओतलं आणि खालचा थर वाढला, बघा पंपवाल्यानं किती पाणी मिसळलंय. अहो पंपवाल्यानं नाही मिसळलं, इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त जवळचं, ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात जातं आणि थर फुगतो. वर जे उरतं ते शुद्ध नसतं. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे इंजिनात टकटक न करता जळण्याचं माप, १०८ च्या आसपास आहे, कंपन्या तो हिशोबात धरूनच मूळ पेट्रोल बनवतात, ते इथेनॉल काढलं की हातात हलक्या प्रतीचं पेट्रोल उरतं, चढाला गाडी टकटक आवाज करायला लागते. शिवाय थोडं पाणी त्यात राहतंच, ते टाकीतनं उतरून कार्बोरेटरच्या वाटीत तळाला बसतं, नेमकं जिथनं जेट पेट्रोल ओढतो तिथं. मग किक मारून मारून गुडघा जातो आणि आपण म्हणतो इथेनॉलनं वाट लावली.

आता एक गोष्ट मान्य करतो, मनात नसताना करतो. इथेनॉलचा जुन्या गाडीवर परिणाम होतो. आपल्या पट्ट्यातल्या उसातनंच ते निघतं म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. जुने रबर पाईप, वायसर, फ्लोटचा गॅस्केट यांना त्रास होतो, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते म्हणून त्याच जेटवर मिश्रण थोडं कोरडं पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पण "ॲव्हरेज निम्मं होतं" असं जे लोक म्हणतात ते साफ खोटं. नीती आयोगाचा जून २०२१ चा इथेनॉल आराखडा आहे, त्यात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर दुचाकीचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं धरलंय, आणि ते साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांसाठी. तात्यांची आरएक्स १०० त्याहून जुनी, १९९४ ची, तर थोडं जास्त धरा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, त्याचा पाचवा हिस्सा मिसळला तर सगळं मिळून सहा-सात टक्के. म्हणजे ४० देणारी गाडी ३७ वर यावी. तात्यांची २८ वर आलीय, तर दोष दुसरीकडं शोधायला पाहिजे की नको?

रॉकेलचं फार बोलत नाही. सुटे भाग बाहेर काढून रॉकेलनं धुतात, तिथनं कुणीतरी हे उचललंय. टाकीत घातलं तर काजळी धरते, टकटक वाढते, आणि आरएक्ससारख्या टू स्ट्रोकमध्ये आधीच जेवढ्यास तेवढं असलेलं ऑईल पातळ होतं.

एअर फिल्टर काढायचं सांगणाऱ्यानं टू स्ट्रोक कधी उघडलेली नसणार. यात आत येणारी हवा सरळ पिस्टनवर जात नाही, आधी खाली क्रँककेसमधनं, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतनं जाते. म्हणजे गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली सगळी धूळ क्रँकच्या बेअरिंगला पॉलिश पेपरसारखी घासणार, आणि हवा वाढल्यानं मिश्रण अजून कोरडं होणार.

सुई तर अजिबात नको. जेट पितळेचा असतो, मऊ, आणि पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक. लोखंडी सुई दोनदा फिरवली की ते मोठं आणि वाकडं होतं, मग कुठल्याही स्क्रूनं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीचा इंजिनचा वेग, बसत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारा, हवा मारा, नाही निघालं तर नवा जेट घाला.

स्क्रूचं तर उलटंच सांगितलंय. आरएक्सच्या मिकुनी कार्बोरेटरला एअर स्क्रू आहे, तो हवा अडवतो. आत आवळला की हवा कमी, पेट्रोल जास्त. ज्या गाड्यांत स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो तिथं आत आवळला की पेट्रोल कमी. कुठली गाडी ते न बघता सगळ्यांना एकच उपाय द्यायचा म्हणजे काय? आणि पांढरा प्लग म्हणजे झकास नव्हे, इंजिन कोरडं आणि तापून चाललंय. चहाच्या रंगाचा हवा. टू स्ट्रोकमध्ये पांढऱ्या प्लगवर गगनबावड्याचा घाट चढायला घेतला तर पिस्टन सीज होऊन, म्हणजे आत अडकून, मागचं चाक जागेवर जाम होतं, मागनं एसटी असली तर पुढचं बोलायला नको.

तात्यांच्या गाडीला काय झालं होतं ते सांगतो. ॲक्सिलेटर सोडला तरी आयडलिंग खाली येत नव्हतं, तिथंच कुठनं तरी जादा हवा शिरत असल्याची शंका आली. वाटी सोडून उघड्यावर स्टीलच्या भांड्यात रिकामी केली, तळाला गंजाचे कण आणि पाण्याचे चार थेंब. मग कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबर जॉईंट वाकवून बघितला, खालच्या बाजूला नखाएवढी भेग. तिथनं फुकटची हवा ओढत होती. जॉईंट बदलला, टाकी धुतली, नवा फिल्टर, आणि कार्बोरेटरच्या आतल्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली म्हणजे पेट्रोल जरा वाढतं. आठ दिवस झाले, दुसऱ्या किकला सुरू होतेय.

तात्यांनी तो मेसेज पुढं चौघांना पाठवला होता. त्यांना मी एकेक करून फोन लावले. तिघांनी काही केलेलं नव्हतं. चौथे म्हणाले, बाटली भरून जिन्याखाली ठेवलीय, रात्रभर पाणी खाली बसू दे. मी आता तिकडंच निघालोय.