कणखर आज्ज्या आणि नाकारलेली पेन्शन

सध्या एक मजकूर खूप फिरतोय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आज्ज्या नव्वदीतही राबतात, त्या मुळातच कणखर, आणि हात थांबले की माणूस संपतं हे त्यांच्याकडून शिकावं, असा त्याचा सूर. उदाहरण मिसिसिपीच्या ओसिओला मॅकार्टी यांचं. जन्मभर लोकांचे कपडे धुऊन साठवलेल्या पैशांतून त्यांनी १९९५ मध्ये, ८७व्या वर्षी, विद्यापीठाला शिष्यवृत्त्यांसाठी दीड लाख डॉलर दिले. हे खरं आहे. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे.

‘त्यांना थांबायचंच नसतं’ म्हणे. थांबायची सोय कुणाला होती? म्हातारपणाच्या पेन्शनचा अमेरिकी कायदा १९३५ मध्ये आला, तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. दक्षिणेतल्या कमावत्या कृष्णवर्णीय बायका मुख्यतः याच दोन कामांत होत्या. नेमाने एकाच घरी काम करणाऱ्यांना जागा मिळाली ती १९५० च्या दुरुस्तीने. तोवर कितीतरी जणींची उमेद सरली होती.

‘मुळातच कणखर’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो. एकदा बाईला कणखर म्हटलं की तिला काय दुखतंय ते विचारायला नको. मॅकार्टी यांची शाळा सहावीत सुटली, कारण घरातल्या आजारी बाईची सेवा करायची होती. काम सुटलं ते बोटं संधिवाताने आखडल्यावर. कामाचा अभिमान त्यांना होताच: धुलाईयंत्र वापरून पाहिलं, कपडे मनासारखे निघेनात, म्हणून त्या पुन्हा कपडे उकळून हाताने धुवायला लागल्या. पण आपल्याला न मिळालेलं शिक्षण पोरांना मिळावं, म्हणून पैसे देणाऱ्या बाईच्या तोंडी ‘राबत राहा’ हा उपदेश घालू नये.

राहिलं ‘काम हेच औषध’. कुठलं काम? दक्षिण कॅरोलिनातल्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी नागरी हक्कांच्या संघटनेचं सदस्यत्व सोडलं नाही, म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. मग मतदार म्हणून नाव नोंदवता यावं यासाठी प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या शाळा त्यांनी उभ्या केल्या. पेन्शन परत मिळाली ती पंचाहत्तरी उलटल्यावर, १९७६ मध्ये. या बाईंचं काम मोठं आहेच, पण त्या वीस वर्षांची पेन्शन त्यांच्या हक्काची होती.

स्वतः निवडलेलं काम पाहायचं असेल तर टेक्सासच्या ओपल ली यांच्याकडे पाहा. शाळेतून कधीच्याच निवृत्त झालेल्या ली २०१६ मध्ये, ८९व्या वर्षी, फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनच्या दिशेने चालत निघाल्या. गुलामीतून सुटकेचा दिवस, जून्टीन्थ, राष्ट्रीय सुट्टी व्हावा एवढीच मागणी. २०२१ मध्ये ती मान्य झाली, तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या.