परत येण्याची लस

जावईबापू केनियातल्या नैवाशाच्या गुलाबशेतीत ठिबक सिंचनाच्या कामावर रुजू होऊन तीन वर्षे झाली, आणि "या जुलैत आला नाहीत तर मी फोनच उचलणार नाही," असे मुलीने बजावले, तेव्हा अमळनेरच्या आमच्या घरात पहिली चर्चा झाली ती सिंहाची. दुसरी झाली ती शेवभाजीचा मसाला विमानात नेऊ देतात की नाही याची. डासाचा विषय कोणाच्या मनातही आला नाही. डासाला भ्यायला आफ्रिकेत जावे लागते, असे खान्देशातल्या माणसाला वाटण्याचे काही कारणच नाही. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे आम्ही पाणी साठवतो आणि पाण्याबरोबर डासही साठतात, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आहे.

तिकिटे काढणाऱ्या एजंटाने मात्र पासपोर्ट हातात घेताच विचारले, "काका, यलो फीव्हरची सुई घेतली का? तिच्याशिवाय केनियात पाऊल ठेवू देत नाहीत." हे विधान पूर्णपणे चुकीचे होते, पण ते मला पुढे कळले, आणि तोवर त्याचे पैसे देऊन झाले होते.

शेजारच्या आप्पांनी 'यलो' या शब्दावरून निदान केले की ही कावीळ आहे, आणि काविळीला सुई नसते, माळ असते. त्यांच्या माहितीतल्या एका गावी मंगळवारी डोक्यावर माळ ठेवतात. ती उतरत उतरत पायाशी आली की माणूस बरा. मला कावीळ झालेलीच नाही, असे मी म्हणालो तेव्हा ते म्हणाले की मग तर माळ आणखी लवकर उतरेल. लस घ्यायला मुंबई गाठावी लागणार हे कळल्यावर तर त्यांचा धीरच सुटला. "सुई टोचाले मुंबईले जानं पडस? आठे सुया सरी ग्यात का काय?"

आठे सुया सरलेल्या नव्हत्या. पण आमच्या डॉक्टरांनी समजावले की पीतज्वराची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या या यलो फीव्हरची, लस वाटेल त्या दवाखान्यात टोचून चालत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच ती घ्यावी लागते आणि तिथेच शिक्का मारलेली पिवळी पुस्तिका मिळते. चौकशी करता आमच्या वाट्याला मुंबईचे एक केंद्र आणि २० जून ही तारीख आली. मुंबईहून नैरोबीला विमान सुमारे सहा तासांत पोहोचते. अमळनेरहून मुंबईला जायला आम्हाला सुरतमार्गे अख्खी रात्र लागली. आफ्रिका जवळ आहे, मुंबईच लांब आहे, हे भूगोल शिकवताना मी मुलांना कधी सांगितले नव्हते याची त्या रात्री खंत वाटली.

गाडी उधना ओलांडून सुरतेत शिरली तेव्हा मला झोप लागेना. सुरतेत घर नाही किंवा निदान एक मेहुणा नाही असा खान्देशी माणूस विरळा. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली तेव्हा याच ताप्तीकाठच्या रुळांवरून माणसे गाड्या भरभरून गावाकडे आली होती. माझे मेहुणे सहकुटुंब, एक पत्र्याची पेटी आणि टेट्रासायक्लिनची अर्धी पट्टी घेऊन पहाटे दारात उभे राहिले, आणि त्यांना आत घ्यावे की ओसरीवर बसवावे याचा निर्णय करायला मला जी दहा मिनिटे लागली ती सौ. आजही माझ्या खात्यावर नावे टाकून ठेवते. शेवटी ते आठ दिवस माडीवर राहिले. जेवणाचे ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवले जाई. तेव्हा कितीतरी देशांनी भारताकडे येणारी विमाने बंद केली होती, आणि आम्ही त्या देशांना मनसोक्त शिव्या देत होतो, मेहुण्यांचे ताट पायरीवर ठेवता ठेवता.

केंद्रावर आमच्या आधीच बरीच माणसे बसलेली होती. त्यात निम्मे जहाजावर नोकरीला जाणारे तरुण होते, जे लस ही केशकर्तनासारखी गोष्ट समजून मोबाइल पाहत होते. दोन गुजराती व्यापारी होते. आणि एक मुलगी होती जिच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर शेवटचे पान आले नव्हते. ती झेरॉक्स शोधायला जी गेली ती माझी पाळी येईपर्यंत परतली नाही. फॉर्म चार पानी होता. आजवर झालेल्या आजारांची यादी लिहिताना मी सवयीने समास सोडला.

पहिली अडचण तेराव्या रकान्यात आली. "अंड्याची ॲलर्जी आहे का?"

आमच्या घरात अंडे येत नाही. सौ.च्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला ती दरवर्षी पायी जाते. जे जन्मात तोंडाला लावले नाही त्याची ॲलर्जी आहे की नाही हे सांगायचे कसे? मी 'माहीत नाही' असे लिहिले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते वाचून चष्म्यावरून पाहिले आणि सांगितले की ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून विचारावे लागते. मॅक्स थायलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३७ च्या सुमारास हा विषाणू कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून इतका नरम पाडला की तो अंगात शिरतो, पण आजार करत नाही. त्याबद्दल त्यांना १९५१ चे नोबेल मिळाले. उनाड मुलाला या तुकडीतून त्या तुकडीत बदलत राहिले की तिसऱ्या वर्षी तो फळा पुसू लागतो, हे मी तीस वर्षे पाहिले आहे, तेव्हा मला ही रीत एकदम पटली. सौ.ला पटली नाही.

"म्हणजे टोचून अंडे खायचे?" ती म्हणाली.

रांग थांबली. जहाजवाल्या तरुणांनीही मोबाइल खाली केले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले की कोणाच्याही मनाविरुद्ध लस टोचत नाहीत. सौ. डोळे मिटून मिनिटभर उभी राहिली, मग तिने निकाल दिला, "माळ गळ्यात आहे. दंडात नाही." आणि पदर सावरून खुर्चीत बसली. वारकरी संप्रदायाच्या इतिहासात या निकालाची नोंद व्हायला हरकत नाही.

दुसरी अडचण माझी होती आणि ती मी स्वतःच्या हाताने निर्माण केलेली होती. साठी ओलांडलेल्या माणसाला ही लस पहिल्यांदाच द्यायची असेल तर डॉक्टर जरा विचार करतात, कारण त्या वयात क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो. माझ्या पासपोर्टप्रमाणे मला साठ वर्षे पूर्ण होऊन एकोणीस दिवस झाले होते. वास्तविक मी त्याहून एक वर्षाने लहान आहे. आई सांगत असे की माझा जन्म आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, दोन महिन्यांनी, पहिल्या पावसात झाला; पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयात एक वर्ष वाढवून १ जून ही तारीख लिहिली, जी ते सगळ्यांनाच लिहीत.

"मग सरकारी कागद खोटा आहे, असे म्हणता?" बाईंनी विचारले.

मी गप्प बसलो. मी स्वतः मास्तर असताना निदान दोनशे मुलांना १ जून या दिवशी जन्माला घातले आहे. त्यातली काही आता तलाठी आहेत, एक पोलिसात आहे आणि एक तर माझ्याच शाळेचा मुख्याध्यापक होऊन माझ्याआधी निवृत्त झाला. ही सारी फौज डोळ्यांसमोर उभी राहिल्यावर सरकारी कागद खोटा आहे असे म्हणण्याचा नैतिक अधिकार मला उरला नाही. बाईंनी माझा रक्तदाब मोजला, चालू गोळ्या विचारल्या, आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि एका संमतिपत्रावर सही घेतली, ज्यात होऊ शकणाऱ्या गोष्टींची यादी माझ्या आजारांच्या यादीहून मोठी होती. याच मुंबईत १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, हे मी सही करताना स्वतःला आठवून दिले. हात तरी थरथरलाच. हाफकिन तेव्हा छत्तिशीत होते, आणि त्यांच्या कागदावर १ जून नव्हता.

तिसरी अडचण कोणाचीच नव्हती, ती कुपीची होती. एका कुपीत दहा जणांचा डोस असतो आणि एकदा ती फोडून पातळ केली की काही तासांतच वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. त्या फेरीत आम्ही आठ उरलो होतो. परिचारिका दाराकडे पाहत बसली. आमच्याकडे पारोळ्याच्या स्टँडवर काळी-पिवळी जीप अशीच उभी असते. चालक एक पाय बाहेर ठेवून, दोन सीट भरल्याशिवाय किल्ली फिरवत नाही आणि आत बसलेल्यांना मात्र "निघालीच" म्हणून सांगत राहतो. मी अनुभवी प्रवासी असल्यामुळे खाली जाऊन सीट शोधू का, असे विचारले. तेवढ्यात ती झेरॉक्सवाली मुलगी एका मैत्रिणीला घेऊन धापा टाकत आली आणि गाडी भरली. सुईला दोन सेकंदही लागले नाहीत. रात्रभराचा प्रवास, चार पानी फॉर्म आणि एक धर्मसंकट यांच्या मानाने ती इतकी मामुली होती की मी "झाले?" असे दोनदा विचारले.

पिवळी पुस्तिका हातात देताना तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले की ती दहा दिवसांनी लागू होईल. "आणि दहा वर्षांनी पुन्हा यायचे ना?" मी एजंटाकडून मिळालेले ज्ञान पाजळले. तो नियम जुलै २०१६ मध्ये बदलला, ते म्हणाले. आता ही आजन्म चालते. नोकरीत कायम व्हायला मला सहा वर्षे आणि तीन जिल्हा परिषद सदस्य लागले होते. इथे दंडाला कापूस लावेपर्यंत मी कायम झालो होतो.

"म्हणजे आता केनियावाले आम्हाला आत घेतील," मी समाधानाने म्हणालो.

"केनियावाले तुम्हाला विचारणारच नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही भारतातून जाताय. भारतात पीतज्वर नाही. विचारू ते आम्ही. परत याल तेव्हा."

मला वाटले त्यांचा काहीतरी घोटाळा होतो आहे. घोटाळा माझा होता. त्यांनी रांगेकडे एकदा पाहून, फारसा वेळ नसतानाही, मला ती गोष्ट नीट समजावली. पीतज्वराचा विषाणू आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे. आपल्याकडे तो कधी आलेला नाही. पण तो ज्या डासाच्या पाठीवर बसून पसरतो तो एडिस इजिप्ती नावाचा डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंग्यू तोच पसरवतो. म्हणजे गाडी आहे, चालक आहे, रस्ता आहे, फक्त प्रवासी यायचा बाकी आहे. तिकडून एक माणूस रक्तात विषाणू घेऊन आला आणि त्याला इथला डास चावला, की झाले. म्हणून तिकडून परतणाऱ्याकडे ही पुस्तिका नसेल तर त्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, कारण चावल्यापासून आजार दिसायला साधारण तितके दिवस लागतात.

"सहा दिवस? जेवणाचे काय करतात?" सौ.ने आस्थेने विचारले. मला एकदम माडीवरचा जिना आणि वरच्या पायरीवरचे ताट आठवले. मी पुस्तिका शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. चाळीस वर्षे कर भरला, तीन वेळा जनगणनेला घरोघर फिरलो, निवडणुकीच्या पेट्या डोक्यावर वाहिल्या, आणि आता स्वतःच्या देशात पुन्हा पाऊल ठेवायला दंडावर टोचून घ्यावे लागले. पण का कोण जाणे, मला त्याचा राग आला नाही. उलट आपण देशाच्या वेशीवरचे पहारेकरी आहोत असे काहीसे वाटू लागले. गावी आल्यावर मी ती पुस्तिका आप्पांना, वाण्याला आणि वाचनालयात नऊ जणांना दाखवली.

केनियाविषयी इथे लिहीत नाही. सिंह पाहिला, झोपलेला होता. नैरोबीच्या विमानतळावर पासपोर्टवाल्याने पुस्तिका मागितली नाही. मी ती आपण होऊन पुढे केली, तर त्याने हसून परत दिली. एजंटाला त्याच दिवशी संदेश पाठवला, त्याला निळी खूण आली, उत्तर आले नाही.

ऑगस्टअखेर मुंबईला उतरलो तेव्हा मात्र आरोग्य विभागाच्या टेबलापाशी रांग होती. मी सेफ्टी पिन काढायला घेतली, ती वाकली होती, मागचा माणूस उसासे टाकू लागला, आणि शेवटी सौ.ने दातांनी ती उघडली. अधिकाऱ्याने पुस्तिका उघडली, पासपोर्टवरचे नाव ताडून पाहिले आणि पुढच्याला बोलावले. इतक्या तयारीनंतर त्याने निदान एखादा प्रश्न विचारायला हवा होता, असे मला अजूनही वाटते.

घरी पोहोचून दोन दिवस झाले नाहीत तोच नगरपालिकेची माणसे डेंग्यूच्या पाहणीसाठी गल्लीत आली. एक तरुण मुलगी हातात बॅटरी आणि पांढरी वाटी घेऊन आत शिरली. पिंप पाहिले, माठ पाहिला, आणि मग गॅलरीत गेली. तिथे उन्हाळ्यातला कूलर तसाच राहिला होता, आणि दोन महिन्यांच्या पावसाने त्याची टाकी काठोकाठ भरली होती. तिने वाटीभर पाणी काढून माझ्यासमोर धरले. त्यात बारीक बारीक अळ्या शेपट्या उडवत वर-खाली करत होत्या.

"काका, हा एडिस," ती म्हणाली.

मी आत जाऊन पिवळी पुस्तिका आणली आणि तिला दाखवली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली, खडूने आमच्या दारावर तारीख आणि एक फुली लिहिली आणि विचारले, "हे ठीक आहे, पण कूलर तुम्ही उलटा करता की मी करू?"